साखरेला दिलेली खोली

शकू, तुझ्या पुण्यानुमोदनाला आमच्या मालकांनी भाषण केलं. हे तुला दुसऱ्या कुणाकडनं कळायच्या आत मीच सांगते.

तुझ्या दारात मंडप घातला होता. वंदना झाली, तुझ्या फोटोला फुलं वाहून झाली आणि मग माईक फिरायला लागला. तुला तर माहीतच आहे, आपल्याकडं गेलेल्या माणसाच्या कार्यक्रमात माईक एकदा फिरायला लागला की कुणाच्या बापाला आवरत नाही. ज्यांनी तुला बैठकीच्या वेळी समाजमंदिराची किल्ली "सापडत न्हाय" म्हणून उन्हात ताटकळत ठेवलं, ते तुला रणरागिणी म्हणाले. "ही बाई घराघरांत भांडणं लावती" अशी ज्यानं गावभर बोंब मारली होती, त्याचा गळा भरून आला. मी बायकांच्यात मागं बसून ऐकत होते. त्यात आमचे मालक उठले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन. माईकवर दोनदा टिचकी मारली आणि म्हणाले, "शकूताई आमच्या घरच्याच होत्या. पार आमच्या चुलीपर्यंत त्यांचा वावर होता."

चुलीपर्यंत! अगं, इतक्या वर्षांत तू आमच्या बाहेरच्या खोलीतल्या खुर्चीच्या पुढं आली नाहीस. मी आत बोलावलं नाही, तू आली नाहीस, आणि आपण दोघींनीही कधी त्याचा विषय काढला नाही. तू चहा प्यायचीस, कप स्वतःच मोरीपाशी नेऊन ठेवायचीस आणि "चल, गाडी चुकंल" म्हणायचीस.

भाषणं संपल्यावर तुझी भाची अश्विनी पंगत मांडायला लागली. यांना म्हणाली, "काका, दोन घास खाऊन जावा." हे म्हणाले, "उपास हाय माझा." लग्नाला एवढी वर्षं झाली, या माणसाला महाशिवरात्रीचा उपास धरलेला मी बघितलेला नाही. मग माझ्याकडं बघून गाडीची किल्ली हलवली. आणि मी उठले. ऐकलंस का शकू, मीही उठले. तुझ्या दारातून न जेवता उठले. अश्विनीनं माझ्याकडं बघितलं सुद्धा नाही, ताटं मांडत राहिली.

वाटेत एका टपरीवर यांनी गाडी थांबवली आणि कांदाभजी घेतली. "तुला घेऊ का?" तोंडात भजी, मिशीला तेल. शिसारी आली मला. त्यांची आली, आणि त्यांच्या मागं गाडीवर गुमान बसून आलेल्या बाईची त्याहून जास्त आली.

त्या शिसारीपायी हे लिहायला बसले. तुझा जन्म कुठला, नोकरी किती वर्षं, मागं कोण कोण, ते सगळं अश्विनीनं पेपरात दिलंय. मला बोलायचंय ते आमच्या वरच्या खोलीबद्दल. तू ती मागितलीस आणि मी म्हणाले, दिली. शकू, ती कुणालाही दिलेली नव्हती. तिच्यात साखरेची पोती होती.

आता सगळं नीट सांगते. तुला अर्धं माहीत असलं तरी सांगते, कारण मी हे पहिल्यांदाच खरं सांगतेय.

तू मला भेटलीस ती बारामती-इंदापूर गाडीत. मी खिडकीपाशी, मांडीवर भाजीची पिशवी. तू कंडक्टर. खाकी साडी, खांद्याला पिशवी, आणि आवाज असा की ड्रायव्हर सुद्धा दचकायचा. तिकीट फाडून माझ्या हातात दिलंस आणि विचारलंस, "घर कुणाच्या नावावर हाय?" मला वाटलं बाईला उन्हाचं काहीतरी झालंय. म्हटलं, "तिकिटाला लागतं का ते?" तू म्हणालीस, "तिकिटाला न्हाय, म्हातारपणाला लागतं." पुढच्या सीटवरच्या बाईलाही तेच विचारलंस. तिच्या पुढच्या बाईलाही. एक म्हातारा खवळला, "ए कंडक्टरीण, बायकांची डोकी फिरवायची न्हायत." तू त्याला म्हणालीस, "तात्या, तुमचं कळंबचं स्टॉप आलं की सांगते. तवर गप बसा." सगळी गाडी हसली. तात्याही हसले.

नोकरी संपली तेव्हा लोकांना वाटलं तू आता नातवंडांसारखी भाचीची पोरं सांभाळत बसशील. तू कसली बसतेस! ज्या थांब्यांवर इतकी वर्षं घंटी मारलीस त्याच थांब्यांवर उतरायला लागलीस. आणि मला धरलंस. मी बचत गटाची सचिव, अक्षर बरं, अर्ज लिहायची सवय. "तू लिव, मी बोलते," एवढंच तू म्हणालीस. तेवढ्या वाक्यावर आपण दोघींनी निम्मा तालुका पालथा घातला.

तुझी शिकवायची रीतच वेगळी होती. बाकीचे लोक माहितीपत्रक वाचून दाखवतात आणि फोटो काढून निघून जातात. तू बैठक भरली की एका बाईला उठवायचीस आणि सगळ्यांना घेऊन तिच्या घरी जायचीस. तिला तिच्याच उंबऱ्यात उभं करायचीस. "हितनं तुला कोण हाकलू शकतं, सांग." ती बाई आधी लाजायची. मग म्हणायची, "नवरा." "आनखी?" "दीर. सासरा." "आनखी?" मग ती विचारात पडायची आणि तिचा चेहरा बदलायचा. तेवढं झालं की तू ग्रामपंचायतीतला घराच्या नोंदीचा, नमुना आठचा उतारा काढून दाखवायचीस, त्यावर नाव कुठं असतं, नवराबायको दोघांचं कसं लागतं, घरकुलाची यादी ग्रामसभेत मोठ्यानं वाचायला कशी लावायची, शहरात भाड्यानं राहायचं तर करार कागदावर कसा करायचा. आणि हेही सांगायचीस की आडनाव विचारून खोली नाकारणारा माणूस मोठा सज्जन बिज्जन काही नसतो, तो अन्याय करतोय, आणि त्याला तसं तोंडावर म्हणायचा आपल्याला हक्क आहे.

पळसदेवची ती म्हातारी आठवते? धरणाचं पाणी उतरलं होतं, जुन्या देवळाचा कळस बाहेर आला होता. तिनं तिकडं बोट केलं आणि म्हणाली, "बाई, माझं घर त्या पान्याखाली हाय. त्याच्यावर कुणाचं नाव लावू?" पुढच्या आठवड्यात तू एकटीच परत गेलीस, त्या म्हातारीच्या नव्या घराचा उतारा काढायला. हे भाषणात कुणी सांगितलं नाही. भाषण करणाऱ्यांना ते माहीतच नव्हतं.

आता माझं खोटं सांगते.

अगदी सुरुवातीला, आपली दुसरी का तिसरी बैठक असेल, तू मला सहज विचारलंस, "तुझं लागलंय न्हवं नाव?" आणि मी म्हणाले, "कवाच." का म्हणाले? दहा बायका ऐकत होत्या. दुसऱ्याचे अर्ज लिहिणाऱ्या बाईचं स्वतःचं नाव घरावर नाही, हे सांगायला जीभ रेटेना. वाटलं, या महिन्यात यांना विचारू, लावून घेऊ, मग खोटं राहणार नाही. विचारलंच नाही. आणि तू त्या दिवसापासून मला उदाहरण करून टाकलंस. प्रत्येक बैठकीत माझ्या खांद्यावर हात ठेवायचीस. "ही विमल बघा. हिच्या मालकानं खुशीनं सही दिली. बारामतीच्या पार कडंला घर हाय, दोगांच्या नावावर." आणि मी मान खाली घालून हसायचे, नव्या नवरीसारखी. बायकांना वाटायचं किती साधी आहे ही.

मग काय झालं ते तुझ्याही पुढ्यात झालं. इंदापूरकडच्या एका महिला मंडळानं यांचा सत्कार ठेवला. आदर्श पती. शाल, श्रीफळ, हार. मला वाटलं हे जाणार नाहीत, निदान लाजतील तरी. घर यांच्या एकट्याच्या नावावर आहे हे यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? पण हे गेले. नवा शर्ट घालून गेले. शाल खांद्यावर घेऊन दोन शब्द बोललेही, "स्त्री ही घराची लक्ष्मी" वगैरे. तू पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होतीस. घरी आल्यावर शाल कपाटात ठेवताना आम्ही दोघं एकमेकांकडं बघेना. दोन चोरांनी एका घरात राहावं तसे राहिलो. त्या दिवसापासून यांना माझं तोंड बंद करायला काही करावंच लागलं नाही.

आणि मग तुझं आजारपण आलं. आठवड्यातून तीनदा बारामतीला रक्त शुद्ध करायला यायचं. सकाळी इंदापूरच्या अलीकडून गाडी धरायची, पाच-सहा तास मशीनला, आणि परत तीच गाडी. परतताना तुझे पाय लटपटायचे. एकदा स्टँडवर बाकड्यावर तुला आडवी झालेली बघितली. जिच्या घंटीवर गाड्या हलायच्या ती बाई पिशवी उशाला घेऊन झोपलेली. मी म्हटलं, "शकू, हितंच एक खोली बघ भाड्यानं." तू म्हणालीस, "बघतीच हाय."

तू बघत होतीस ते महिनाभर. कुठल्या कॉलनीत कुठं "खोली भाड्याने देणे आहे" अशी पाटी आहे ते तुला पाठ झालं होतं. आणि प्रत्येक ठिकाणी तेच. या, बसा, पाणी घ्या. गाव कोणतं? आडनाव काय? आडनाव सांगितलं की खोली दिलेली असायची. काल दिली. आत्ताच सकाळी दिली. मालकिणीच्या भावाला दिली. पाटी मात्र तशीच लटकलेली.

एका घरी तू मला पाठवलंस. "जाऊन बघ गं, तुला देतात का." मी गेले. तीच मालकीण, जिनं तुला तासापूर्वी "दिली" म्हणून वाटेला लावलं होतं. माझं आडनाव ऐकलं आणि चहाच टाकला तिनं. खोली दाखवली, मोरी दाखवली, गच्चीवर कपडे वाळत घालायची दोरी दाखवली. वर म्हणते, "ताई, भाड्याचं कमीजास्त करू. माणसं चांगली पायजेत, बाकी काय न्हाय." मी तिचा चहा प्यायले. खाली आले तर तू रिक्षाच्या आडोशाला उभी. सगळं ऐकलंस आणि हसलीस. खरंच हसलीस. म्हणालीस, "झ्याक झालं. पुढच्या बैठकीत दोघी मिळून सांगू."

मी तुझ्यावर चिडले होते. म्हटलं, "बैठकीत काय सांगतेस? तिच्या दारात जाऊन बोंब मार. तक्रार कर." तू म्हणालीस, वकिलाला विचारलंय, ती जात बोलली नाही, नुसतं दिली म्हणाली, "दिली" म्हटल्यावर कोर्टात काय दाखवायचं? आपण तिथंच रस्त्यावर भांडलो. तुझं म्हणणं, लोकांना आधी कळू दे की हा त्यांचा हक्क आहे, कळलेली माणसं एकदा वाढली की मालकिणींना पाट्या लावायची लाज वाटेल. माझं म्हणणं, लाज असलेल्या बाईनं असा चहा पाजलाच नसता. तू म्हणालीस, "विमल, लाज आसती गं. वर काढावी लागती." मी म्हटलं, "तू काढत बस." ते भांडण अर्धवट राहिलं. मला अजून वाटतं माझं बरोबर होतं. आणि मला हेही माहीत आहे की त्या दिवशी घसा ताणून बोलणाऱ्या माझ्या घरी वरची खोली रिकामी होती, आणि तू ती तोपर्यंत मागितली नव्हतीस. मी स्वतःहून म्हटलंही नव्हतं. तू मागण्याची वाट बघत होते की तू मागू नयेस म्हणून देव पाण्यात ठेवून बसले होते, ते माझं मलाच ठाऊक.

शेवटी तू मागितलीस. तेही किती आडून. "तुमची वरची खोली कोण वापरतं गं?" पोरगं पुण्याला गेल्यापासून कोणीच नाही. जिना बाहेरून. खाली उतरलं की रिक्षा. मी म्हटलं, "विचारते मालकास्नी." तू माझ्याकडं जरा वेळ बघितलंस. घर दोघांच्या नावावर असलेल्या बाईला विचारायला कशाला लागतं, असं तू म्हणायला हवं होतंस. म्हणाली नाहीस.

मी विचारलं. हे जेवत होते. म्हटलं, "शकूला वरची खोली द्यावी म्हणते. जिवावर उठलंय तिच्या ते येणं-जाणं." यांनी भाकरी मोडली आणि म्हणाले, "तिथं साखर हाय."

कारखान्याची, सभासदाची साखर. पोती. आणि एका कोपऱ्यात कांदे पसरलेले.

म्हटलं, "साखर खाली आणू."

"पोराचं लगीन करायचं हाय. उद्या पाव्हणे येतील, वर कोण ऱ्हातंय इचारतील. सोयरीक मोडंल. तुला म्हाईत न्हाय का आपल्यात काय चालतंय?"

"तिच्यामुळं मिळालेली शाल तर घेतलीत."

"शाल वायली, घर वायलं," हे म्हणाले. मग पाणी प्याले, तांब्या खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाले, "आन् घर कुणाच्या नावावर हाय, म्हाईत हाय न्हवं?"

आवाज सुद्धा चढवला नाही. तुझाच प्रश्न होता तो, शकू. तू तो बायकांना उठवायला विचारायचीस, यांनी मला बसवायला विचारला. आणि मी बसले. दुसरी भाकरी वाढली.

दोन दिवसांनी तुझा फोन आला. तू गाडीत होतीस, मागं खडखडाट. "काय गं, इचारलंस?"

माझ्या तोंडून जे निघालं ते मला अजून ऐकू येतं. "शकू, ती खोली दिली गं. परवाच."

इंजिनाचा आवाज नुसता. मग विचारलंस, "कुणाला?" मी म्हटलं, कारखान्यावरच्या एका कुटुंबाला. एवढं सराईत खोटं, मध्ये थांबलेही नाही. तू म्हणालीस, "बरं. माणसं चांगली हायती न्हवं?" म्हटलं, "हो." आणि तू म्हणालीस, "करार कागदावर कर. तोंडी ठिवू नगंस."

शी! थू माझ्या जिनगानीवर. महिनाभर ज्या शब्दानं तुला दारोदार हाकललं तो शब्द तुला मी दिला, आणि तू मला भाडेकराराचं शिकवत होतीस. तुला कळलं नसेल असं मी मनाला समजावते, पण तुला कळलं होतं. तो शब्द ओळखायला तुझ्याइतकं कोण शिकलं होतं? नंतर तू चार महिने तशीच गाडीनं येत राहिलीस. भेटलीस की हसायचीस, अर्जांचं बोलायचीस, खोलीचं एकदाही नाही. एकदा तरी शिव्या द्यायच्यास ना गं. माझं तोंड बघून थुंकायचंस. तुझा तो समजूतदारपणा मला झेपत नाही, आजही नाही. त्याचा मला राग येतो.

डॉक्टर अश्विनीला म्हणाले, खोली मिळाली असती तरी फार फरक पडला नसता. तिनं ते मला सांगितलं, बिचारीला वाटलं मला बरं वाटेल. मला नको तसलं बरं वाटणं. तुला जगायला नाही तर नाही, पण मशीनवरून उठल्यावर पाठ टेकायला चार भिंती हव्या होत्या. त्या माझ्याकडं होत्या आणि मी त्या साखरेला दिल्या.

आणि एक सांगते, ते आपल्या जुन्या वादाचं. तू म्हणायचीस, उताऱ्यावर नाव आलं की बाईला तोंड फुटतं. मी म्हणायचे, कागदानं काय होतंय, स्वयंपाकघरात बोलणार तोच बोलणार. आता नाव नव्हतं म्हणून मी गप्प बसले, असं म्हणायला मला फार सोयीचं आहे. सगळा गुन्हा नवऱ्यावर आणि नमुना आठवर. पण नाव असतं तर मी बोलले असते का? पोराच्या सोयरिकीचं ऐकून मीही आतून दचकले होते, शकू. यांनी "नाही" म्हटलं तेव्हा मला वाईट वाटलं, पण थोडं हायसंही वाटलं. हे घाण सत्य मी कुणाला सांगितलेलं नाही. तुला सांगते, कारण तुझ्यापुढं आता काय अब्रू राखायची?

परवा कळंबला गेले. तू ठरवून ठेवलेली बैठक. त्या बायकांचाच फोन आला होता, "शकूताई तर गेल्या, तुमी तरी येणार न्हवं?" यांना सांगितलं नाही. गाडीत बसले. तुझ्या जागेवर एक तरुण पोरगी होती, मशीनमधून तिकीट काढून दिलं, काही विचारलं नाही.

देवळाच्या सभामंडपात पंधरा-वीस बायका. मी तुझ्यासारखं बोलायचा प्रयत्न केला, आवाज कुठून आणू? उतारा दाखवला, अर्ज कसा करायचा सांगितलं. तेवढ्यात पुढं बसलेली एक, कडेवर तान्हं, सोनाली नाव तिचं, म्हणाली, "बाई, ते सगळं कळलं. पन शकूताई सांगायच्या तुमच्या मालकांनी खुशीनं सही दिली. ती तुमी कशी मागितली? काय बोलला? आमचं ऐकतच न्हाय, सांगा की जरा." सगळ्या सरसावून बसल्या. तेच हवं होतं त्यांना. उताऱ्याचं काय, तो दिसतोच. त्यांना तो संवाद हवा होता, तसाच्या तसा, घरी जाऊन म्हणायला.

मला एखादा रचता आला असता. एवढी वर्षं हसून निभावलं होतंच की. पण ती पोर डोळे मोठे करून बघत होती, आणि मी रचलेलं ती घरी जाऊन नवऱ्यापुढं म्हणणार, आणि मार खाणार.

मी म्हणाले, "मागितलीच न्हाय. माझं नाव न्हाय घरावर. मी खोटं बोलत आले."

मग सगळं सांगितलं. शाल, साखर, तुझा फोन, सगळं. मध्येच दोघी उठून गेल्या. एक जाताना म्हणाली, "येवढ्या लांबनं येऊन आमाला चुना लावला व्हय." बरोबर होतं तिचं. सोनाली पोराला थोपटत राहिली. खांबाला टेकून बसलेली एक म्हातारी, सगळ्या तिला आक्का म्हणत होत्या, ती म्हणाली, "मंग आमच्यापुढं उभी ऱ्हाऊन काय शिकिवतीस गं?"

"न्हाय शिकवत आक्का. जाते मी."

"जातीस कुठं? बस खाली. कागुद हाय न्हवं तुज्याजवळ? तुजा आर्ज लिव. आमी बघतो कसा लिवत्यात."

बसले. पिशवीतून कोरा कागद काढला. दुसऱ्यांचे अर्ज मी डोळे मिटून लिहिते, या एकाला नुसतं पेन धरून बसले. आक्का म्हणाली, "मोठ्यानं म्हनत लिव." मी म्हणत लिहिलं. माझं नाव. घराचा नंबर. पतीचं नाव. सोनाली पुढं सरकली आणि कागदावर वाकून बघायला लागली. "नाव लावण्याचे कारण" या ओळीशी आले. तिथं मी सगळ्यांना एकच वाक्य लिहून देते, भविष्यात वाद उद्भवू नये म्हणून. ते लिहवेना. आक्का म्हणाली, "थांबलीस का? खरं आसंल ते लिव."

मी लिहिलं, आणि मोठ्यानं वाचलं: "माझी मैत्रीण शकुंतला हिला आजारपणात राहण्यासाठी वरची खोली द्यायची होती. घरावर माझे नाव नव्हते, आणि मीही बोलले नाही."

त्याच्या बरोबर खाली यांच्या सहीसाठी जागा सोडली आहे.